वाडीला नदीच्या वाटेनं

मी तापात बडबडत पडलो होतो तेव्हा माझ्या नावानं एक नवस बोलला गेला, आणि शुद्धीवर आल्यावर तो मला सांगण्यात आला. माझ्या पत्नीनं, इंदिरेनं, घरातल्या दत्ताच्या तसबिरीपुढे पदर पसरून म्हटलं होतं, "हे उठून बसू देत. येत्या दत्तजयंतीला आपल्या पायांनी चालत वाडीला येतील, जन्मकाळाला हजर राहतील." संस्थान विलीन होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. मी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात गणित शिकवत होतो. वय चौतीस. देवाच्या बाबतीत माझं मत असं, की असला तर असू दे, माझ्या तासाला येऊन बसला नाही म्हणजे झालं.

ताप उतरला, मी उठून बसलोही. पण दुखणं जाता जाता उजव्या पायाच्या खुब्यात उतरलं. मिरजेला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि घरी आलो तो काठी टेकत. पाय आखूड झाला होता, गुडघ्यातून धड वाकत नव्हता. शाळेत जायलाही टांगा लागे. नरसोबाची वाडी म्हणजे कोल्हापूरहून धडधाकट माणसाची दोन दिवसांची पायवाट. नवस फेडण्याचा प्रश्न मी तरी सोडून दिला होता. इंदिरेनं तो सोडला नव्हता. एके दुपारी मी शाळेतून लवकर आलो तेव्हा ती चुलीपुढे बसून रडत होती. खूप विचारल्यावर म्हणाली, "मी देवाला तुमचे पाय कबूल केले हो. त्यातला एक त्यानं ठेवूनच घेतला."

मी तिला पुष्कळ समजावलं. ताप कशानं येतो, खुबा कशानं बिघडतो, सगळं सांगितलं. ती मान हलवत राहिली आणि रात्री पुन्हा जेवली नाही. माणसाच्या काळजात रुतलेली गोष्ट तर्कानं निघत नाही हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी तिच्या समाधानासाठी मी वाडीच्या आमच्या उपाध्यांना पत्र घातलं. म्हाताऱ्यांचं उलटटपाली कार्ड आलं. त्यात दोनच ओळी होत्या : पायांनी जमत नसेल तर जे अवयव शाबूत आहेत त्यांनी यावे, मात्र वाट सगळी स्वतःच्या कष्टाने काटावी, महाराजांपाशी हात आणि पाय असा भेदभाव असल्याचे ऐकिवात नाही. ते कार्ड वाचून इंदिरा कितीतरी दिवसांनी हसली. आणि मी घाटावर पंचगंगेकडे बघत उभा असताना मला सुचलं, की ही नदी तर वाडीलाच जाते.

घाटावर तातोबा म्हणून एक म्हातारा नावाडी होता. पुरात लोकांना पलीकडे पोहोचवणारा, बाकीचे दिवस होडीत झोपणारा. मी त्याला म्हटलं, मला वल्हवायला शिकवा, वाडीपर्यंत जायचंय. त्यानं माझ्या काठीकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बसा." त्या दिवशी मी तासभर जीव खाऊन वल्हं मारलं आणि ज्या पायरीवरून निघालो त्याच पायरीला येऊन लागलो. तातोबा शांतपणे म्हणाला, "मास्तर, परदक्षिणा झाली. आता वाडीला जायाचं शिकू."

चैत्रापासून पाऊस लागेपर्यंत आणि पुन्हा दसऱ्यापासून पुढे, रोज सकाळी शाळेआधी मी नदीवर जाऊ लागलो. वाऱ्याची सवय व्हावी म्हणून तातोबानं मला रंकाळ्यावरही नेलं. नदीला दोन काठ असतात, भ्यालं तर कुठंही लागता येतं. रंकाळ्यावर वारा सुटला की मधोमध काही म्हणजे काही जवळ नसतं. तिथं संध्याकाळी फिरायला येणारे पेन्शनर काठावर बसून माझ्या फेऱ्या मोजत. एक निवृत्त मामलेदार तर गणिताच्या मास्तरला एक फेरी जास्त मोजली म्हणून पकडण्यात फार आनंद मानत. हळूहळू माझे दंड भरले, शिंप्याला सदऱ्याचं माप नव्यानं घ्यावं लागलं. काठी घेऊन चालताना ज्या माणसाची मान खाली असे, तो होडीत बसला की राजासारखा बसे. पाण्यावर मी लंगडा नव्हतो.

इथंच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कार्तिक संपेपर्यंत मी नवसाबद्दल बोलेनासा झालो होतो, पल्ल्याबद्दल बोलत होतो. शिक्षकांच्या खोलीत मी नदीची वळणं खडूनं काढून दाखवी. इंदिरा एकदा म्हणाली, "निघण्यापूर्वी देवाला नारळ ठेवा." मी म्हटलं, "वल्हवायचं मला आहे." तातोबानं सोबत येतो म्हटलं, त्यालाही मी नको सांगितलं. तो म्हणाला, "एकटं जावा. पर आपुन एकटंच हाय असं समजू नगासा." त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी पहाटे मी घाटावरून निघालो. होडी लहान, दोन माणसं जेमतेम मावतील अशी. बरोबर भाकऱ्या, गूळ, पाण्याचा तांब्या आणि एक कांबळं. इंदिरा जयंतीच्या दिवशी एसटीनं थेट वाडीला येणार होती. जन्मकाळ सूर्यास्ताच्या सुमाराला, त्याआधी मी पोहोचायचं असं ठरलं होतं. बावड्याच्या बंधाऱ्याशी काठावर चारपाच शेतकरी बसले होते. "उचलू लागतो की मास्तर," म्हणून ते उठलेही. मी हात करून त्यांना बसवलं आणि लाकडाच्या ओंडक्यांवरून, फरफटत, धापा टाकत, एकट्यानं होडी बंधाऱ्याखाली उतरवली. त्याला दीड तास गेला. ते बिचारे बघत बसले. मला मात्र फार मोठं काही केल्यासारखं वाटलं. त्या दिवशी शिरोलीच्या पुलाखालून गेलो, रुकडीजवळ रेल्वेच्या पुलाखाली असतानाच वरून मिरजेकडे जाणारी गाडी गेली आणि खिडक्यांतल्या लोकांनी हात हलवले. मुक्काम एका मळ्यात केला. दुसऱ्या दिवशी इचलकरंजी गाठली. इंदिरेचे मामा तिथं राहत. त्यांच्या घरी मी हात पुढे केले तेव्हा मामींनी तोंडाला पदर लावला. दोन्ही तळहातांचे फोड फुटून कातडं लोंबत होतं. मामा म्हणाले, "उद्या आमच्याबरोबर एसटीनं चला." मी म्हटलं, "आता फक्त एका दिवसाचं पाणी उरलंय." रात्रभर हात ठणकत राहिले.

जयंतीच्या दिवशी सकाळी नदीवर असं धुकं पडलं होतं की होडीच्या टोकापलीकडे काही दिसत नव्हतं. थांबावं तर वेळ जातो म्हणून मी तसाच निघालो. डाव्या हाताला कुठंतरी पाणी उपसण्याचं इंजिन धडधडत होतं, तेवढीच एक खूण. पुढे एक लांबलचक डोह लागला. डोहात पाणी उभं असतं, ओढ कळत नाही. मध्येच मी थांबलो, हातांवर धोतराची चिंधी गुंडाळली, पाणी प्यायलो आणि पुन्हा वल्हवू लागलो. तास गेला असेल, जास्तच. हात आता माझे राहिले नव्हते. प्रत्येक हिसक्याला खांद्यापासून बोटांपर्यंत कळ येई. आणि मग मला इंजिनाची धडधड पुन्हा ऐकू आली, या वेळी उजव्या हाताला. मी स्वतःला म्हटलं, हे दुसरं इंजिन. गणिताच्या मास्तरनं असं उत्तर जुळवून घेतलं. पण हात थांबले. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की हे माझ्यानं होणार नाही. मी घाटावर पोहोचणार नाही, इंदिरा तिथं उभी राहून अंधार पडेपर्यंत नदीकडे बघेल, आणि तिच्या काळजात ते रुतलेलं कायमचंच रुतून बसेल. माझ्या तोंडून शब्द गेले, "आता मला काही कळत नाही. तूच बघ." कुणाला उद्देशून म्हणालो ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

लगेच होडी कशाला तरी धडकली. खडक म्हणावा तर मऊ, आणि त्यानं जोरात फुसकारा सोडला. धुक्यातून दोन शिंगं आणि एक काळं, ओलं तोंड माझ्याकडे अत्यंत नाराजीनं बघत होतं. म्हैस होती. काठ दहा हातांवरच होता. तिथून एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"कोन हाय त्यो? माझ्या म्हशीला कशाला मारतुयास?"

"मारत नाही हो," मी म्हटलं, "चुकून लागली. मी वाडीला चाललोय."

मग ती म्हणाली, "पावणं, वाडी हिकडं न्हाय. तुमी कोल्लापूरला चाललायसा."

थांबलो होतो तेव्हा होडी अलगद फिरली होती, आणि तासभर मी जिवाच्या आकांतानं आल्या वाटेनंच परत वल्हवत होतो. हे कळल्यावर रडू यावं की हसू, ते मला समजेना. मी हसलो, आणि मग डोळ्यांतून पाणीही आलं. होडी काठाला लावली. बाई साठीच्या पुढची, काटक, कासोट्याचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. हौसाक्का तिचं नाव. तिचं घर पलीकडच्या काठाला, वळणाच्या खाली, शिरढोणच्या अलीकडच्या वस्तीवर. म्हैस पहाटे दावं तोडून नदी पोहून अलीकडे आली होती, म्हणून ही एका नावेनं तिच्या मागे येऊन उतरली होती; नाव तशीच परत गेली होती. माझे हात बघून ती म्हणाली, "आगं बाई. ह्या हातानं जानार व्हय वाडीला? दे हिकडं त्ये वल्हं. म्या सोडती तुला वळनापतोर."

मी तिला नवस सांगितला. वाट स्वतःच्या कष्टानं काटायची, दुसऱ्याच्या हातात वल्हं द्यायचं नाही. ती ऐकत होती आणि म्हशीच्या गळ्याला नवं दावं बांधत होती. म्हणाली, "वळनाजवळ वड्याचं तोंड लागतंय, रुंद हाय. ह्या धुक्यात नदी सोडून वड्यात शिरशील आन् चिखलात बसशील दुपारपतोर. वाट फकस्त हिला ठावं हाय." म्हणजे म्हशीला. मग तिनं दाव्याचं टोक माझ्यापुढे धरलं.

"पण मग नवस?" मी विचारलं.

"नवस हातानं जायाचा हाय न्हवं? मग धर की हातानं. सोडू नगंस म्हंजी झालं."

असा युक्तिवाद मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी दावं धरलं. हौसाक्का होडीत येऊन बसली. म्हैस पाण्यात उतरली, फक्त डोकं वर ठेवून पोहू लागली, आणि दावं धरलेला मी, मागे हौसाक्का, असे आम्ही पांढऱ्या धुक्यातून संथपणे ओढले जाऊ लागलो. काही दिसत नव्हतं. कुठं जातोय ते मला ठाऊक नव्हतं. आठ महिन्यांत पाण्यावर मी असा कधी बसलो नव्हतो, काही न करता, कुणाच्या तरी मागे. आणि खरं सांगतो, भीती कुठं गेली ते कळलं नाही. उलट मला लहान मुलासारखी मजा वाटू लागली. हौसाक्का मागून म्हशीच्या वाईट सवयी सांगत होती. ओढ्याचं तोंड आलं तसा डावीकडून चिखलाचा वास आला. म्हैस तिकडे वळलीही नाही. थोड्या वेळानं तिचे पाय तळाला लागले आणि आम्ही पलीकडच्या काठाला होतो.

घरी नेऊन तिनं माझ्या तळहातांवर लोण्यात हळद कालवून लावली, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या घट्ट बांधल्या. दह्याशी गरम भाकरी आणि खरडा समोर ठेवला. मी घास घेत होतो तेव्हा म्हणाली, "आन् निसतं हातानं वडू नगंस. कमरंतनं वड. पाय मोडला म्हनून कंबर मोडली न्हाय तुजी." तातोबानं हेच शंभरदा सांगितलं होतं. त्या दिवशी ते अंगात शिरलं. जेवून बाहेर आलो तर धुकं विरलं होतं आणि नदी उन्हात लखलखत होती.

पुढचा प्रवास मला स्वप्नासारखा आठवतो. वेळ हातातून गेलेली होती, तरी घाई वाटत नव्हती. एका जागी पाणी उथळ, खडक वर आलेले. ऊसतोडीची माणसं तिथं आंघोळी करत होती. त्यांनी विचारायच्या आत मीच म्हटलं, "जरा हात लावता का?" सहा जणांनी मला होडीत बसूनच राहायला सांगितलं आणि आम्हां दोघांना, मला आणि होडीला, उचलून पलीकडे ठेवलं. एक जण म्हणाला, "आमच्याबी नावानं एक नमस्कार करा." मी ती सहा नावं पाठ करत वल्हवत राहिलो.

कुरुंदवाडच्या खाली संगमावर आलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. तिथं पंचगंगा कृष्णेत शिरते आणि पाणी एकदम रुंद, मोकळं होतं. वाडीचा घाट समोरच दिसत होता, पण थोडा वरच्या अंगाला. आता कृष्णेच्या ओढीविरुद्ध जायचं होतं. वाद्यं ऐकू येत होती, नामाचा गजर चालला होता. मी कमरेतून ओढत होतो, पण वीतभर पुढे गेलो की पाणी हातभर मागे नेत होतं. किती वेळ तसा झगडलो कोण जाणे. मग घाटावरून एकच मोठा कल्लोळ उठला, वाद्यांचा आवाज टिपेला गेला आणि गुलाल उंच उडालेला मला पाण्यावरून दिसला. जन्मकाळ झाला होता. मी नदीतच होतो.

मी वल्हं होडीत ठेवून दिलं. वाईट वाटलं नाही म्हणालो तर कुणाला खरं वाटणार नाही. बांधलेले हात जोडले आणि तिथूनच नमस्कार केला, आधी सहा जणांचा, मग हौसाक्काचा, मग माझा. होडी ओढीबरोबर वाहत काठाकडे गेली. आणि काठालगत पोहोचल्यावर ती हळूच थांबली, आणि मग, मी काही न करता, घाटाच्या दिशेनं वर सरकू लागली. नंतर तातोबानं मला सांगितलं की संगमाशी काठालगतचं पाणी उलटं फिरतं, सगळ्या नावाड्यांना ते माहीत असतं. असेल. मी त्याच्याशी वाद घातला नाही. मला एवढंच ठाऊक आहे की मी वल्हं खाली ठेवलं आणि पाण्यानं मला पायऱ्यांपाशी नेऊन लावलं.

इंदिरा खालच्या पायरीवर उभी होती. जन्मकाळाला सगळी गर्दी वर पालखीपाशी होती, ही एकटी नदीकडे तोंड करून. तिनं आधी माझे हात पाहिले, मग माझं तोंड. "उशीर झाला मला," मी म्हटलं. ती म्हणाली, "आलात ना." सुंठवड्याचा प्रसाद देताना उपाध्यांनी हात पुढे करायला सांगितलं, पण माझी बोटं वळेनात, ओंजळ होईना. त्यांनी इंदिरेकडे प्रसाद दिला आणि तिनं तो मला भर गर्दीत भरवला. त्या काळी बायको नवऱ्याला चारचौघांत भरवत नसे. कुणी काही म्हणालं नाही. ती हसत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते जुनं ओझं शोधून सापडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी परतताना आम्ही वाट वाकडी करून हौसाक्काच्या वस्तीवर गेलो. बरोबर तिच्यासाठी लुगडं आणि प्रसाद नेला होता. तिनं प्रसाद डोक्याला लावला, लुगड्याचा पोत चिमटीत धरून बघितला. इंदिरा तिच्या पाया पडली आणि म्हणाली, "तुम्ही देवासारख्या भेटलात." हौसाक्का म्हणाली, "म्या न्हाय गं. म्या म्हशीला आलती. सात वर्सं झाली, तिनं कवा दावं तोडलं न्हाय. काल पहिल्यांदाच तोडलं, कशापायी ते तिलाच ठावं." मी गोठ्यात जाऊन म्हशीलाही हात जोडले. तिनं पूर्वीच्याच नाराजीनं माझ्याकडे पाहिलं.

निघताना हौसाक्कानं विचारलं, "पोचलास का मग येळंत?"

"नाही," मी म्हटलं, "जन्मकाळ होऊन गेला होता."

"मग?" ती म्हणाली. "द्येव उठून गेलता व्हय?"

तो गेला नव्हता. त्यानंतर मी अनेकदा वाडीला गेलो, बहुतेक वेळा एसटीनं, कधी वेळेवर, कधी उशिरा. माझ्या बळाचा हिशेब मी अजूनही नीट करतो, तो माझा धंदाच होता. पण जिथं तो हिशेब संपतो तिथं आता मला घाबरायला होत नाही. दावं कुणाच्या तरी हाती असतं, आणि वाट कुणाला तरी ठाऊक असते. महाराजांची ही कृपा माझ्यासारख्या उशिरा आलेल्यावर झाली, त्यांना माझा साष्टांग नमस्कार. पाय वाकत नाही, तेवढं त्यांनी समजून घ्यावं.